पाण्याचा डाव

मंडळी, आपल्याकडे एक म्हण आहे. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. पाण्याचेही तसेच आहे. विहिरीत पाणी नसले तर ते आहे असे सोंग करता येत नाही. मोटर सुरू केली की खरे काय ते घटकेत कळते.

तरीही या धड्यात आपण सोंगाचीच गोष्ट वाचणार आहोत. माणसाने घटकाभर दुसऱ्याचे सोंग घेतले, तर गावाचे पाणी वाचू शकते. ते कसे, हे पाहू.

सभेत काय होते?

गावात पाणी कमी पडले की सभा भरते. वरच्या शिवारातला म्हणतो, "माझं बोअर माझ्या वावरात आहे. तुमचं काय जाते?" खालच्या शिवारातला म्हणतो, "तुमच्या बोअरनंच आमची हीर आटली." कोणी म्हणतो, सरकारने काहीतरी करावे. कोणी म्हणतो, पाऊसच पडत नाही. बाया मागे बसतात. पाणी आणण्याचे काम त्यांचे, पण त्यांना कोणी विचारत नाही. शेवटी चहा होतो आणि सभा उठते. विहिरीतले पाणी मात्र खाली जातच राहते.

असे का होते? माणसे वाईट आहेत म्हणून नव्हे. सभेत प्रत्येक जण आपल्या विहिरीच्या काठावर उभा राहून बोलतो. दुसऱ्याची विहीर त्याला तेथून दिसत नाही. जमिनीखालचे पाणी तर कोणालाच दिसत नाही. तळे आटू लागले की लहान पोरालाही समजते. भुईतले पाणी आटताना मोठ्यांनाही समजत नाही.

महाराष्ट्राची पाचांतली चार वाटे जमीन काळ्या पाषाणाची आहे. हा दगड मडक्यासारखा पाणी धरत नाही. वरच्या मुरमात आणि दगडाच्या फटींत मावेल तेवढेच पाणी राहते. ही फट माझ्या धुऱ्यापाशी थांबत नाही. ती शेजाऱ्याच्या वावरात जाते. म्हणून विहिरी वेगळ्या, पण पुष्कळदा पाणी एकच.

जी वस्तू दिसत नाही, तिचा हिशेब करायचा असेल तर ती डोळ्यांपुढे मांडावी लागते. त्यासाठीच हा डाव.

परात आणि चिंचोके

गेल्या उन्हाळ्यात काटोल तालुक्यातल्या एका गावी मी हा डाव मांडला. मारुतीच्या पारावर एक परात ठेवली. त्यात ४० चिंचोके टाकले. परातीभोवती पाच जण बसवले. चार पुरुष आणि एक बाई. बाकीचे गाव भोवती उभे राहिले. मी नियम सांगितले. ते असे:

१. परातीतले चिंचोके म्हणजे गावाच्या भुईतले पाणी.

२. एक फेरी म्हणजे एक वर्ष. दर वर्षी प्रत्येकाने एक पीक निवडावे.

३. हरभरा, तूर, ज्वारी हे थोड्या पाण्याचे पीक. त्याला १ चिंचोका लागतो. त्यातून २ रुपये मिळतात.

४. ऊस किंवा उन्हाळी भाजीपाला हे जास्त पाण्याचे पीक. त्याला ३ चिंचोके लागतात. त्यातून ५ रुपये मिळतात.

५. वर्ष संपले की पाऊस येतो. तेव्हा परातीत ५ चिंचोके पुन्हा टाकावे.

६. शेवटचे १० चिंचोके गावाच्या पिण्याचे. त्यांना हात लागला की गावात टँकर आला. डाव संपला.

७. पहिल्या डावात कोणी कोणाशी बोलायचे नाही. आपले पीक चिठ्ठीवर लिहावे. हरभऱ्याला 'ह' आणि उसाला 'ऊ'. नुकते लिहायला शिकलेल्यालाही एवढे जमते.

पहिले वर्ष सुरू झाले. चिठ्ठ्या उघडल्या. चौघा पुरुषांनी 'ऊ' लिहिले होते. बाईने 'ह' लिहिले होते. चौघांनी १२ चिंचोके उचलले, बाईने १ उचलला. परातीत २७ राहिले. पाऊस आला. ५ पडले. झाले ३२.

दुसऱ्या वर्षी बाईने इकडेतिकडे पाहिले. चौघांपुढे पाच-पाच रुपये होते. तिच्यापुढे दोनच. तिनेही 'ऊ' लिहिले. पाच जणांनी १५ चिंचोके नेले. १७ राहिले. पाऊस पडला. झाले २२.

तिसऱ्या वर्षी पुन्हा पाचही चिठ्ठ्यांवर 'ऊ'. चौघांनी आपापले तीन-तीन उचलले. परातीत नेमके १० राहिले. आता बाईची पाळी आली. तिने हात पुढे केला आणि तो तसाच थांबला.

"गुरुजी, हे तर पिण्याचं पाणी होय."

"होय बाई. डाव संपला."

ती चौघांकडे पाहून म्हणाली, "पहिल्या साली मी पाणी वाचवलं. ते तुम्हीच नेलं. माझं काय चुकलं?"

कोणी काही बोलले नाही. चौघांना तीन वर्षांत १५-१५ रुपये मिळाले होते. जिने पाणी वाचवले तिला ७ मिळाले. आणि गावाला टँकर मिळाला.

मंडळी, या प्रश्नावर थोडे थांबा. बाईचे काहीच चुकले नव्हते. एकट्याने काटकसर केली तर ते पाणी दुसऱ्याच्या मोटरीतून जाते. मग काटकसर करणाराही म्हणतो, मीच का उपाशी राहू? अशी एकेका चांगल्या माणसाच्या हाताने परात रिकामी होते. म्हणून पाण्याचा नियम एकट्याचा चालत नाही. तो सगळ्यांचा असावा लागतो.

दुसरा डाव

दुसऱ्या डावात बोलायला मोकळीक दिली. पाऊसही दर वर्षी सारखा ठेवला नाही. तीन चिठ्ठ्या केल्या. चांगला पाऊस ७ चिंचोके, बेताचा पाऊस ५, दुष्काळ ३. दर वर्षी एका मुलाने डोळे मिटून चिठ्ठी उचलायची. आणखी एक बदल केला. पाऊस आधी पडेल, पीक मग ठरेल.

पाचही जण बोलू लागले. प्रथम भांडण झाले. मग कोणी बोटांवर हिशेब केला. शेवटी त्यांनीच नियम ठरवला. बेताचा पाऊस पडला तर सगळ्यांनी हरभरा घ्यावा. ५ आले, ५ गेले. चांगला पाऊस पडला तर एकाने पाळीने ऊस घ्यावा आणि चौघांनी हरभरा. ७ आले, ७ गेले. दुष्काळात सगळ्यांनी हरभराच घ्यावा. ३ आले, ५ गेले. दोन चिंचोके साठ्यातून घ्यावे. साठा असतोच कशाला? दुष्काळासाठी.

दहा वर्षे डाव चालला. तीनदा चांगला पाऊस, चारदा बेताचा, तीनदा दुष्काळ. शेवटी परातीत ३४ चिंचोके होते. तिघांना एकेकदा उसाची पाळी मिळाली. त्यांचे २३ रुपये झाले. दोघांची पाळी यायची होती, त्यांचे २० झाले. टँकर एकदाही आला नाही.

तेव्हा मागून एक तरुण म्हणाला, "गुरुजी, हिशेब बराबर आहे. पण दोन-दोन रुपयांत संसार कसा चालावा? पोरीचं लगन आहे, बँकेचं देणं आहे."

हा प्रश्न खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. शेतकरी जास्त पाणी हावरेपणाने घेतो असे नाही. पुष्कळदा तो कर्जाने घेतो. म्हणून नुसते "कमी वापरा" म्हणून भागत नाही. पाऊस जास्त मुरवायचा, ठिबकने थोडक्यात भागवायचे, झाडाच्या आळ्यात काडीकचरा पसरून ओल धरायची. बेताच्या पावसाचे ५ चिंचोके ६ कसे होतील, हेही पाहिले पाहिजे.

पण दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पाणी अडवले आणि नियम केला नाही, तर वाढलेले पाणीही तीन वर्षांत संपते. ज्या गावी बांध बांधले आणि मागोमाग बोअर मारले, त्या गावी हेच होते.

जागा बदला

त्या गावी दोन चुलत भाऊ होते. दोघांच्या संत्र्याच्या बागा. एकाची वरच्या अंगाला, दुसऱ्याची खालच्या अंगाला. वरच्याने खोल बोअर मारले. पुढच्या दोन उन्हाळ्यांत खालच्याची विहीर आटली. पंधरा वर्षांची झाडे वाळली. त्याने ती कुऱ्हाडीने तोडली आणि सरपणाला नेली. तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. विहीर बोअरमुळे आटली की कमी पावसामुळे, हे कोणी मोजले नव्हते. दोघांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकले होते.

हरभऱ्याचे पीक एका वर्षी घेतले नाही तर चालते. संत्र्याचे तसे नाही. झाडे लावल्यावर फळ यायला चार-पाच वर्षे जातात. आंबिया बहाराला भर उन्हाळ्यात पाणी लागते. एक उन्हाळा चुकला तर लेकरासारखी वाढवलेली बाग जाते. म्हणून वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्र्याच्या पट्ट्यात लोक शेकडो फूट खोल बोअर मारत गेले. पाणी आणखी खाली गेले.

तिसऱ्या डावाला मी त्या दोघा भावांना बोलावले. पण जागा बदलून. वरच्या भावाला खाली बसवले, खालच्या भावाला वर. वरच्यापुढे ८ चिंचोके ठेवले. प्रत्येकाच्या बागेला ४ लागतात. वर बसलेल्याने हवे तेवढे आधी घ्यावे. उरतील ते खाली जातील.

वर बसलेल्या भावाने ६ उचलले.

खाली बसलेला एकदम म्हणाला, "अरे, दोनमध्ये काय झाडं जगतील?"

पारावर सगळे गप्प झाले. वर बसलेला भाऊ हळूच म्हणाला, "हेच मी तुले दोन साल सांगून राहिलो होतो."

त्या दिवशी ते गळ्यात पडले नाहीत. असे नाटकात होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा भाऊ दोरी घेऊन आला. दोरीला हाता-हातावर गाठी मारल्या होत्या. शेवटी दगड बांधला होता. दोघांनी मिळून विहिरीचे आणि बोअरचे पाणी मोजले. आता दर पौर्णिमेला मोजतात आणि घराच्या भिंतीवर लिहून ठेवतात, असे मला कळले. भांडण मिटले की नाही, हे मला ठाऊक नाही. पण आता भांडायला खरा आकडा आहे.

सोंग घेण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. संत एकनाथांनी भारुडे रचली. ती म्हणताना माणूस कधी जोशी होतो, कधी गोंधळी. त्या सोंगातून तो शहाणपण सांगतो. आपल्या विदर्भात दंढार आणि खडी गंमत आहे. त्यांतही गावचाच माणूस दुसऱ्याचा वेष घेऊन गावाला आरसा दाखवतो.

दुसऱ्या मुलखांत

असे डाव इतर ठिकाणीही झाले आहेत.

भूतान हा हिमालयातला लहानसा देश. तेथे लिंबुखा आणि डोम्पोला अशी दोन गावे आहेत. एक वर, एक खाली. दोन्हीकडे भाताची लावणी. वरच्या गावाचा पाण्यावर पहिला हक्क. खालच्याला वाट पाहावी लागे आणि लावणीला उशीर होई. २००३ साली तेथे दोन्ही गावांच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून पाण्याचा डाव खेळला गेला. एका फेरीत त्यांनी गावेच बदलली. वरचे खालचे झाले, खालचे वरचे झाले. पुढे पाण्याचा विचार करायला सर्वांची मिळून समिती झाली.

दुसरे उदाहरण आंध्र प्रदेशातले. अनंतपूर हा फार कमी पावसाचा जिल्हा. २०१३ आणि २०१४ साली तेथील वाड्यांत 'फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी' या संस्थेने बाहेरच्या अभ्यासकांच्या मदतीने भूजलाचा डाव खेळवला. पाच-पाच खेळाडू, कमी पाण्याचे पीक आणि जास्त पाण्याचे पीक. आपल्या परातीचा डाव त्याच धर्तीचा आहे. पुरुषांचे गट वेगळे होते, बायांचे वेगळे. डाव संपला की सगळ्या वाडीची बैठक होई. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली. जेथे डाव आणि बैठक झाली होती, तेथे इतर वाड्यांपेक्षा जास्त ठिकाणी लोकांनी पाण्याची नोंदवही ठेवली आणि नियम केले.

यात एक शब्द महत्त्वाचा आहे. तो म्हणजे बैठक. डाव खेळून घरी गेलो तर ती करमणूक झाली. डावानंतर बसून बोललो तर ते शिक्षण झाले.

महाराष्ट्रातही खेळ आणि पाणी यांची गाठ पडली आहे. पाणी फाउंडेशनने २०१६ साली 'वॉटर कप' ही स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुके होते. त्यांत आपल्याजवळचा वरुड तालुका होता. गावातल्या निवडक लोकांना पाणलोटाचे शिक्षण दिले जाई. त्यात खेळ असत, गाणी असत, चित्रफिती असत. मग गावाने उन्हाळ्यात श्रमदान करून चर खोदायचे, बांध घालायचे. २०१७ साली वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातील काकडदरा या लहान आदिवासी गावाने राज्यात पहिला नंबर पटकावला. स्पर्धा २०१९ पर्यंत चालली. त्यानंतर त्याच संस्थेने 'समृद्ध गाव स्पर्धा' सुरू केली. तिच्यात पाणी अडवण्याबरोबर पाण्याचा हिशेबही आला. अडवणे ही पहिली पायरी, हिशेब ही दुसरी. दुसरी चढलो नाही तर पहिलीही जाते.

जेथे डाव खरा झाला

परातीचा दुसरा डाव आठवा. आधी पाऊस मोजला, मग पीक ठरवले. हे पारावरच चालते, प्रत्यक्षात नाही, असे कोणी म्हणेल. त्याने हिवरे बाजारची गोष्ट ऐकावी.

हे गाव नगर जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. तेथे पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्या नागपूरकडे हजार मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे त्यांच्या दुपटीहून अधिक. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. गावाने झाडे लावली, चर खोदले, बांध घातले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. शेतीसाठी बोअर मारायचे नाही असे ठरवले. उसासारख्या पाणीखाऊ पिकाला बंदी केली. दर वर्षी पाऊस मोजायचा. विहिरींचे पाणी मोजायचे. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग पिकांचे. पाऊस कमी पडला तर त्या वर्षी पिकेही कमी पाण्याची. हा नियम मोडला तर चालत नाही, कारण तो गावाने स्वतः केलेला आहे.

पाळीची रीतही जुनी आहे. धुळे आणि नाशिक भागात नदीवर बंधारे बांधून फड पद्धत चाले. ती काही शतके जुनी आहे. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. या वर्षी ज्या फडात ऊस, पुढच्या वर्षी तेथे दुसरे पीक. ऊस दुसऱ्या फडात जाई. पाणी सोडायला पाटकरी असे. आपल्या पाच खेळाडूंनी पारावर बसून जो नियम शोधला, तो आपल्या पूर्वजांनी केव्हाच शोधला होता.

आणखी एक प्रश्न राहतो. ज्याला जमीनच नाही त्याचे काय? पारावरच्या डावात एका मजूर आजीने विचारले, "त्या शेवटच्या दहा चिंचोक्यांवर पहारा कोण ठेवणार? आमचा तेवढाच वाटा आहे." १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीचे काम उभे केले. तेथे पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मापाने दिले. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. तेव्हा डावात एक जागा भूमिहीनाची ठेवा. ती विसरू नका.

माझ्या नळाचे पाणी

मी राहतो नागपुरात, सदर भागात. सकाळी नळ सोडला की पाणी येते. पुष्कळ दिवस मला वाटे, पाण्याचा डाव हा खेड्यांचा प्रश्न आहे. मग २०१९ सालचा जुलै महिना आला. पाऊस लांबला. तोतलाडोह धरण कोरडे पडत आले. नागपुरात एक दिवसाआड पाणी मिळू लागले.

हे पाणी येते कोठून? पेंच आणि कन्हान नद्यांतून. त्याच पेंचच्या कालव्यांवर नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतले धानाचे शेतकरी अवलंबून आहेत. आणखी वर, मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात, त्याच नदीवर चौराईचे धरण झाले आहे. म्हणजे परात एकच. चौराईकडचा शेतकरी वर बसला आहे. मौद्याचा धान उत्पादक आणि सदरमधला मी खाली बसलो आहोत. माझ्या नळाला पाणी येते तेव्हा कोणाच्या बांधीतले पाणी कमी होते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. डाव मांडता मांडता मलाही माझी जागा कळली.

तुम्ही पेंचच्या कालव्यावर असाल तर डावात एक खेळाडू शहराचा ठेवा. आणि शहरातल्या माणसाला धान लावणारा करा.

डाव मांडताना घ्यायची काळजी

१. डावात जो जिंकला त्याला शहाणा म्हणू नये, हरला त्याला मूर्ख म्हणू नये. नाहीतर खरे भांडण लागते.

२. ज्याची खरी जागा जी आहे, ती त्याला देऊ नये. जागा बदलूनच द्यावी.

३. बायांना मागे बसवू नये. पाण्याचा हिशेब त्यांच्या डोक्यावर असतो.

४. डाव जेवढा वेळ चालला, तेवढाच वेळ बैठकीला द्यावा. तीन प्रश्न विचारावे. काय झाले? आपल्या गावात असे होते काय? आता काय करायचे?

५. बैठक उठण्याआधी एक तरी नियम वहीत लिहावा. छोटा असला तरी चालेल. "दर पौर्णिमेला विहीर मोजायची" एवढाही पुरे.

६. डावाने पाऊस पडत नाही. चर, बांध, तळ्यातला गाळ काढणे ही कामे हातांनीच करावी लागतात.

शेवटी एक हिशेब पाठ करून ठेवा. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. हजार मिलिमीटर पडला म्हणजे एकरी ४० लाख लिटर. त्यातले बरेच उन्हाने उडते, बरेच वाहून जाते. गावात एक पाऊस मोजायचे भांडे लावा. ज्याला अंक वाचता येतात, त्याने रोज आकडा लिहावा. तुम्ही आता लिहायला शिकलात. त्या लिहिण्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

पाण्याचे सोंग आणता येत नाही, हे खरेच. पण पाण्याच्या डावात हरलो तर चिंचोके पुन्हा परातीत टाकता येतात. बाग वाळल्यावर तसे करता येत नाही. म्हणून एकदा चिंचोक्यांत हरून पहा.

नवे शब्द

भूजल – जमिनीखालचे पाणी
पाणलोट – ज्या जमिनीवरचे पाणी एकाच ओढ्याकडे वाहत येते ती जमीन
ताळेबंद – जमा किती, खर्च किती, शिल्लक किती यांचा हिशेब
फड – बंधाऱ्याखालच्या जमिनीचा एक मोठा वाटा
आंबिया बहार – हिवाळ्याच्या शेवटी येणारा संत्र्याचा फुलोरा

प्रश्न

१. पहिल्या डावात ज्या बाईने पाणी वाचवले, तिलाच कमी का मिळाले?
२. चांगल्या पावसात किती जणांनी ऊस घ्यावा असे ठरले? ७ चिंचोक्यांचा हिशेब करून दाखवा.
३. हिवरे बाजारला पाऊस कमी पडतो. तरी तेथे पाणी का पुरते?
४. तुमच्या गावात वर कोण बसले आहे आणि खाली कोण? दोघांची नावे मनात आणा. त्यांतले एक नाव तुमचेच आहे काय?